चार वीत मरळ

"अक्का, नाकाला गेरू लागलाय तुझ्या. आता देवळातला मारुती कोणता अन् तू कोणती, कळंना झालंय," जोतिराम म्हणाला आणि लगेच दोन पायऱ्या खाली पळाला. अक्काच्या हातात ब्रश होता आणि तिचा नेम बरा होता, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

अक्का म्हणजे संस्कृती. सोलापुरात शुक्रवार पेठेत राहणारी, सातवीतली, आणि अक्षर सुरेख म्हणून शाळेत फळ्यावरचा सुविचार लिहायला जिला कायम पुढं करतात ती. दिवाळीच्या सुट्टीत हिरेगावला मामाकडं आलं की पोटभर खायचं आणि मामेभाऊ जोतिरामबरोबर सीनेच्या घाटावर उंडारायचं, हा तिचा शिरस्ता. या वर्षी मात्र सरपंच उदयसिंहांनी तिला आल्या आल्या कामाला जुंपलं होतं.

"अक्षर चांगलं हाय म्हणं तुजं," ते म्हणाले होते. "मग घाटावरच्या भिंतीवरचे आकडे गिरव. ठळक गिरव बरं का. शर्यतीला जिल्ह्याहून साहेब यायचेत. त्यास्नी लांबनं वाचता आलं पायजे."

ती भिंत म्हणजे हिरेगावचा अभिमान. घाटावर मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या नदीकडच्या भिंतीवर गळाच्या शर्यतीचा सगळा इतिहास गेरूनं लिहिलेला. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ही शर्यत भरते. दिवसभर गळ टाकायचा, जाळं चालत नाही, आणि ज्याची मरळ सगळ्यांत लांब भरेल त्याचं नाव भिंतीवर चढतं. मरळ हा इथला मानाचा मासा. सापासारखं डोकं, काळपट अंग, काटे कमी आणि हिसका भारी. तिची लांबी पंच मोजतो, तीही वितीनं. हात ताणायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. टेप नाही, पट्टी नाही. घाटावर माशाला लोखंड लावलं तर नदी आटते असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. नदी दर उन्हाळ्यात तशीही आटते, पण ते कुणी मनावर घेत नाही.

पंच बदलला की नवा पंच गेरूत हात बुडवतो, बोटं ताणतो आणि भिंतीवर पंजा उमटवतो. त्या पंजाखाली त्याच्या काळातली वर्षं आणि मासे. भिंतीवर असे तीन पंजे होते. पहिला सिद्धलिंगप्पा पैलवानांचा, दुसरा रेवणप्पा गुरुजींचा. ते दोघंही आता राहिले नव्हते. तिसरा पंजा महिपतीमामाचा. मामाच्या पंजाखालचे आकडे गिरवताना संस्कृतीची मान जरा जास्तच ताठ होती.

"चार वीत. साडेचार वीत. चार वीत," मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. दिपाली होती. प्रभु भोयाची मुलगी, संस्कृतीच्याच वयाची, सुट्टीतली तिची जिवाभावाची मैत्रीण. घाटाच्या खाली पत्र्याचं घर आहे, ते त्यांचं. "झ्याक लिवलंयस. आता आमाला हाकलायला बरं पडंल."

संस्कृतीचा ब्रश थांबला. "म्हणजे?"

"साहेब काय भिंत बघून देवाला नारळ फोडायला येणार हाय व्हय? बंधाऱ्यातल्या पाण्याचा ठेका निघायचाय. नदीत मासा पयल्याइतकाच हाय असं दिसलं की ठेका मिळतो. तो घेणार सरपंचाचा मेव्हणा. त्याचं जाळं इतकं बारीक, की बोटभर पिल्लू बी निसटत न्हाय. मग माजा आण्णा काय धरणार? आमी जाणार पुण्याला, इटभट्टीवर. माजी शाळा बी गेली."

ती हे सगळं रडत सांगत नव्हती. बाजारात काय काय आणायचं ते सांगावं तशी सांगत होती.

"पण दिपे, मासा खरंच भरपूर असला तर..."

"कुटं हाय भरपूर? आण्णाच्या जाळ्यात धड मरळ घावून लई दिवस झाले. आण्णा सांगतो मासा संपत चाललाय, सरपंच म्हणतो, पाणी एकट्याला पायजे म्हणून रडतो. भिंत दावतो. तितं बघ, म्हणतो, माज्या आज्याच्या वक्ताला चार वीत, अन् आज बी चार वीत." दिपालीनं संस्कृतीकडं सरळ पाहिलं. "मंग एक तर माजा बाप खोटं बोलतो, न्हाय तर तुजा मामा."

"माझा मामा खोटं बोलत नाही," संस्कृती फणकारली.

"माजा बी बाप बोलत न्हाय."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. जोतिरामला भांडणाचा वास आधी येतो आणि मार्ग नंतर सुचतो, पण सुचतो खरा. "आबाच्या मोबाईलमदी मागल्या वर्साचा फोटो हाय की," तो म्हणाला. "आबा घाटावर मरळ मोजतोय असा. त्यात दिसंल की खरं-खोटं."

मामा दुपारचा बाजेवर आडवा झाला होता आणि मोबाईल उशाखाली होता. जोतिरामनं तो सुळकन ओढला. तेवढ्यात गोजरबाईमामी दारात उभी राहिली. "काय चाललंय रं?"

"अक्काला सोलापूरला आईशी बोलायचंय," जोतिराम गंभीरपणे म्हणाला. "लई आठवण येती म्हणं तिला."

मामीला गहिवरून आलं आणि तिनं दोघांच्या हातावर एकेक करंजी ठेवली. संस्कृतीनं खरोखरच आठवण येत असल्यासारखं तोंड केलं.

फोटोत मासा घाटाच्या तिसऱ्या पायरीवर होता. शेपटी पायरीच्या कडेला टेकलेली, डोकं दगडात कोरलेल्या कमळाशी. तिघं पायरीवर ओणवी झाली. माशाला लोखंड चालत नसेल, दगडाला कुणी मनाई केली नव्हती. संस्कृतीनं कंपासपेटीतली पट्टी पायरीवर टप्प्याटप्प्यानं सरकवत नेली. तीस इंच भरले.

आता मामाची वीत. तो उठून चहा घेऊन ओट्यावर बसला होता. "मामा, तुमची वीत केवढी हो?" असं विचारल्यावर त्यानं कपबशी खाली ठेवली आणि हौसेनं हात ताणला. साडेसात इंच. चार विती म्हणजे बरोबर तीस. भिंतीवर मागच्या वर्षाखाली चार वीतच लिहिलं होतं.

"बघितलंस?" संस्कृती घाटाकडं परत येताना दिपालीला म्हणाली. "माझा मामा खरं बोलतो."

घाटाच्या वरच्या पायरीवर बसून दिपाली पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. आपण जिंकलो याचा संस्कृतीला जो आनंद व्हायला हवा होता, तो काही केल्या होईना. तिनं मुकाट्यानं ब्रश उचलला. आकडे झाले होते, पंजे राहिले होते. मामाचा पंजा गिरवला, गुरुजींचा गिरवला, आणि ती सिद्धलिंगप्पांच्या पंजापाशी आली. तिथं जोतिरामनं मध्येच आपला हात घातला.

"आयला, ह्येच्या नुसत्या तळहातात माझा हात मावतोय. ह्यो माणूस होता का फावडं?"

"हात काढ, रंग लागेल," संस्कृती म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच हात हवेत थांबला.

तिनं ब्रश खाली ठेवला, पट्टी काढली आणि त्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत लावली. मग पुन्हा लावली. दहा इंच. ती गुरुजींच्या पंजाकडं गेली. नऊला थोडे कमी. मामाचा साडेसात तिला माहीतच होता.

"दिपे, इकडं ये. लवकर ये."

जोतिरामनं बैलाच्या घुंगरमाळेची सुतळी सोडून आणली, त्याबद्दल त्याला नंतर बोलणी बसली ती वेगळी. पैलवानांच्या पंजावरून चार वीत सुतळी मोजून तोडली. मामाच्या पंजावरून चार वीत मोजून तोडली. दोन्ही एका खिळ्याला टांगल्या. एक दुसरीपेक्षा वीतभर लांब लोंबत होती, तीही पैलवानांच्या वितीनं.

भिंतीवर चार वीत तेव्हाही होतं आणि आजही होतं. मासा दरवर्षी आखूड होत गेला आणि मोजणारा हातही आखूड होत गेला, म्हणून आकडा जागचा हलला नाही. सगळं गाव इतकी वर्षं ही भिंत वाचत आलं होतं, आणि एकाही शहाण्याला वर उमटलेल्या पंजांकडं बघायची बुद्धी झाली नव्हती.

"म्हणजे माजा बाप बी खरं बोलतोय," दिपाली हळूच म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरून आले.

ती तिघं आधी सरपंचांकडंच गेली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. उदयसिंहांनी सगळं ऐकून घेतलं, सुतळ्या हातात घेऊन ओढून पाहिल्या आणि हसले. "वीत म्हंजे वीत. त्यात ल्हान-मोटी काय असती? अन् पोरींनो, साहेबांपुढं तोंड उघडायचं न्हाय. गावाची शोभा व्हते." सुतळ्या त्यांनी खिशात घातल्या.

"सुतळी काय, अजून हाय," बाहेर आल्यावर जोतिराम म्हणाला.

दिपाली मात्र थांबली होती. "ऱ्हाऊ दे संस्कृती. तुजा मामा हाय. लोक हसतील त्येला, हात ल्हान म्हणून. जलमभर हसतील."

हे संस्कृतीच्याही मनात आलं होतं. रात्री मामानं तिच्या ताटात स्वतःच्या हातानं दुसरी करंजी वाढली आणि तिला ती गिळवेना. मामाला ह्या पंचपणाचा केवढा मान वाटायचा, ते तिला माहीत होतं. शर्यतीच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालायचा. पण मामाचं हसं झालं तरी त्याचं घर इथंच राहणार होतं, आणि दिपालीचं राहणार नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी साहेब आले तेव्हा भिंतीवर झेंडूच्या माळा लोंबत होत्या. तिन्ही पंजांखाली एकेक माळ, प्रत्येक माळ त्या त्या हाताच्या चार विती लांब. मुलांनी सजावट केली म्हणून सरपंचांनी सकाळी कौतुकही केलं होतं. संध्याकाळी गळ वर आले. चन्नवीर तेल्याची मरळ सगळ्यांत लांब होती. उदयसिंह साहेबांना घेऊन भिंतीपाशी आले.

"ह्ये बघा साहेब. आज्याच्या काळापासनं नोंद हाय. तवा चार वीत, आज बी चार वीत. नदी जशीच्या तशी."

साहेब चांगले होते. त्यांनी भिंत वाचली, फोटो काढला आणि मग विचारलं, "या माळा अशा उतरत्या का लावल्यात?"

"शोभा हो, पोरांची."

"शोभा नाही, साहेब," संस्कृती म्हणाली. "तिन्ही माळा चार वीतच आहेत. ज्यानं मोजलं त्याच्या हाताच्या. पैलवानांच्या चार विती एवढ्या, आणि माझ्या मामाच्या चार विती एवढ्या."

घाटावर कुजबुज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच. "म्हंजे महिपतीचा हात बाईमाणसाचा म्हणा की," मागून आवाज आला. उदयसिंह सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. संस्कृतीला मामाकडं बघायचा धीर होईना.

मामा गर्दीतून पुढं आला. त्यानं इस्त्रीची बाही मागं सारली, आपला हात पैलवानांच्या पंजावर ठेवला आणि ताणला. चारी बाजूंनी गेरू उरला.

"पोरगी खरं बोलती, साहेब," तो म्हणाला. "मी चुकीचं न्हाई मोजलं. पण माजा हात ल्हान हाय. ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाई."

हसू थांबलं. साहेबांनी संस्कृतीच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास. किती वर्षं हे कुणाला दिसलं नाही."

मग उदयसिंहांचा चेहरा एकदम उजळला, आणि सरपंचांचा चेहरा उजळला की काळजी करावी हे हिरेगावच्या पोरांनाही कळतं. "खरंच शाब्बास. अरे, जिनं चूक काढली तिचाच मान. आजपासनं पंच आपली संस्कृती. मोज बाळ, आजची मरळ तूच मोज. तुज्या वितीनं."

टाळ्या झाल्या. कुणीतरी फेटा आणला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. चन्नवीरनं मासा पायरीवर आडवा केला. संस्कृती ओणवी झाली आणि तिनं हात ताणला. एक. दोन. तीन. माशाचं थंड अंग तिच्या तळहाताखाली होतं आणि अजून बराच मासा पुढं उरला होता. चार.

"पाच भरत्यात बघा, पाच," उदयसिंह म्हणाले. "साहेब, लिहून घ्या. मासा वाढला."

संस्कृतीचा हात माशावरच राहिला. तिनं दिपालीकडं पाहिलं. दिपाली तिच्या त्या एवढ्याशा हाताकडं बघत होती.

"चन्नवीरमामा, मासा उचला," ती म्हणाली.

"कुटं न्यायचा?"

"भिंतीपाशी. वीत सिद्धलिंगप्पांचीच धरायची. ते सगळ्यांत पहिले पंच. मी पंच आहे ना? मग मी सांगते तसं मोजायचं."

निसरडा मासा चौघांनी मिळून पैलवानांच्या माळेला लावला. शेपटी माळेच्या खालच्या टोकाला लागली आणि वर माळेचा एक मोठा तुकडा तसाच रिकामा राहिला. संस्कृतीनं ब्रश घेतला आणि त्या वर्षाखाली आपल्या सुरेख अक्षरात, लांबून वाचता येईल असं ठळक लिहिलं: तीन वीत. सिद्धलिंगप्पांच्या हातानं.

साहेबांनी ते वाचून वहीत टिपून घेतलं. मासा घटतो आहे असंच आपण कळवू, त्यापुढचा निर्णय मात्र गावाचा, असं ते म्हणाले. दिपालीनं त्या रात्री संस्कृतीला घरी जेवायला नेलं. प्रभुअण्णांनी तिला सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. जोतिराम तर सरपंचांची नक्कल करून करून थकला.

सुट्टी संपायच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. पहिला विषय संस्कृतीचा सत्कार. उदयसिंहांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दहा मिनिटं भाषण केलं. सोलापूरची पोर, पण हिरेगावचं रक्त, असं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता दुसरा विषय," ते म्हणाले. "ह्या पोरीनं आपले डोळे उघडले. मासा संपत आलाय. साहेबांचं बी तेच म्हणणं. मंग जे संपायलाच आलंय ते राखून करायचं काय? हाय तवर ठेका देऊन टाकू, गावाला चार पैसे तरी मिळतील. मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

संस्कृतीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मासा भरपूर आहे म्हणून ठेका द्यायचा होता. आता मासा नाही म्हणून ठेका द्यायचा होता. तिनं जे खरं शोधून काढलं, तेच त्यांनी उचलून दिपालीच्या बापाच्या छातीत खुपसलं होतं. आत्ता टाळ्या वाजवणारे हात एकामागून एक वर जात होते. गुरुजींच्या मुलाचा गेला, चन्नवीरचाही गेला. तिला त्या सगळ्या माणसांचा इतका राग आला की नारळ हातात धरवेना.

एकच माणूस दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. मामा.

"महिपती?" उदयसिंहांनी विचारलं.

"माजा हात वर न्हाई," मामा म्हणाला.

"हाय की वर. ल्हान हाय म्हणून दिसंना एवढंच." व्हरांडा हसून हसून लोटपोट झाला. उदयसिंहांनी लिहिणाऱ्याकडं मान वळवली. "लिवा, एकमतानं मंजूर."

संस्कृती उठून उभी राहिली. शाल खांद्यावरून खाली पडली. "मामांनी हात वर केलेला नाही. तुम्ही खोटं लिहिताय."

"बघा," उदयसिंह कौतुकानं म्हणाले, "पोरीची नजर किती बारीक हाय ती. शाब्बास गं बाई." आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

प्रभुअण्णा मागच्या मागं उठून गेले होते. दिपालीही उठली. तिनं एकदा संस्कृतीकडं पाहिलं आणि ती घाटाच्या पायऱ्या उतरून घराकडं निघाली. भांडी बांधायला घ्यायची होती.